फोटोतली तिसरी मुलगी

आई, तुझ्याशी भांडायचंय मला. हल्ली मी दादरच्या एका वाचनालयात जुनी क्रीडामासिकं स्कॅन करून संगणकावर चढवते. रिटायर झाल्यावर घरात बसून करणार काय? पानं इतकी कुरकुरीत झालीत की भाजल्या पापडासारखी उचलावी लागतात. गेल्या आठवड्यात एका पानावर परळच्या मैदानातला खो-खोचा फोटो निघाला. ओळीत आठ मुली उकिडव्या बसलेल्या. खाली मंडळाचं नाव छापलंय, मुलींपैकी एकीचंही नाही. तिसरीकडे बघितलं आणि माझा हातच थांबला. एक टाच उचललेली, बोटांची टोकं जमिनीला, नजर समोर. अगं, लालबागच्या खोलीत स्टोव्हपुढे तू अश्शीच बसायचीस! पाट दिला तरी बाजूला सारायचीस. शेजारची काकू चिडवायची, "नीट बस की गं, कुठे पळायचंय तुला?" तू नुसती हसायचीस नि भाकरी उलटायचीस.

संपातले दिवस आठवतात. बाबांची गिरणी बंद, ते दिवसभर खिडकीशी बसून, आणि तू ऑफिसवाल्यांचे डबे करायला घेतलेले. नेमकी तेव्हाच माझी शाळेच्या खो-खो संघात निवड झाली. मी नाचत घरी येते, तर तू तव्यावरून नजरही न उचलता म्हणतेस, "धावान कोणाचा पोट भरला? बस हंय, भाकरी थाप." किती रडले मी त्या दिवशी! पुढे एकदा चाळीच्या गॅलरीत मैत्रिणींबरोबर सराव चालला होता. तू नळावरून कळशी घेऊन येत होतीस, थबकलीस. "खो मिळाल्यावर मागे काय बघतंस? ऊठ आणि धाव!" एवढं बोलून आत गेलीस. मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय खो-खोतलं.

फोटोची प्रत घेऊन शीवला मावशीकडे गेले. तिने चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि ढसाढसा रडायलाच लागली. "कर्णधार होती गो ती!" मग सगळं सांगितलं. तुझं लग्न ठरवताना आजोबांनी मुलाकडच्यांना सांगितलं होतं, आमची मुलगी घराबाहेर पडत नाही. अर्ध्या चड्डीत मैदानावर पळणारी मुलगी सून म्हणून कोण करून घेणार? आजोबांचा तो शब्द तू सासू-सासरे गेल्यावरही पाळलास. सोडलं ते सोडलं, आठवून जीव कशाला जाळायचा, असं तू मावशीला म्हणायचीस म्हणे. पण आई, माझ्यापासूनही लपवायचं? फार राग येतो गं. त्या दिवशी मी रडत होते तेव्हा तुझ्याही पोटात तेच तुटत असणार, आणि तू मला कळूही दिलं नाहीस.

आता संगणकावर त्या फोटोखाली नावांचा रकाना आहे. तुझं नाव टाकलं की ते कुणीही वाचणार, तुझ्या सासरचे आहेत नाहीत तेवढे सगळे वाचणार. मावशीला विचारलं, टाकू का? ती फणकारली, "माका काय विचारतंस? तिका विचार!" म्हणून हे लिहायला बसले. तू नकोच म्हणाली असतीस, ठाऊक आहे मला. बापाचा शब्द मोडतेस म्हणून वर चार शिव्याही घातल्या असत्यास.

हे पाठवायचं तरी कुठे? आणि खरं सांगू, विचारायचं मी नुसतं नाटक केलं. नाव कालच टाकून मोकळी झाले, तुझं माहेरचं, आणि पुढे लिहिलं, 'कर्णधार'. मग वाचनालयातल्या झाडून सगळ्यांना बोलावून दाखवलं, "ही माझी आई."