मगर माझी मावशी, मगर माझी मामी

कांदिवली,
८ जानेवारी २०२५

चि. दशरथ यास,
अनेक आशीर्वाद. रीत म्हणून दिले, मनात आज शिव्याच आहेत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून लिहितेय. पत्रात मधेच तोंड घालता येत नाही.

गेल्या महिन्यात तुझ्या सिद्धेशच्या साखरपुड्यात माझी नात ऋता मांडीवर मी लिहिलेला गाण्याचा तक्ता घेऊन हौसेने गात होती, मी तिला बांधून दिलेलं गाणं:

मगर माझी मावशी, मगर माझी मामी,
मगर मागते मुळ्याची भाजी, मीठ म्हणते कमी.

एकेका शब्दावर बोटही ठेवत होती. तू खिशातलं पेन काढलंस, चिठ्ठीवर 'बदक' लिहिलंस, ती 'मगर'वर धरलीस आणि म्हणालास, आता वाच. पोर गाण्याच्या भरात मगरच म्हणाली. मग तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "ही वाचत नाही, पोपटपंची करते." व्याह्यांसकट सगळे हसले.

तेव्हापासून ऋता तक्त्याला हात लावत नाही. शाळेतही वाचनाच्या तासाला तोंड मिटून बसते. काल बाईंनी सूनबाईला, जान्हवीला, बोलावून सांगितलं, असंच चाललं तर जूनमध्ये पुन्हा पहिलीतच बसवू. सूनबाई दोष माझ्या गाण्यांना देते आणि माझ्याशी धड बोलत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला ही तुझी जुनीच खोड, पण या वेळी ती लहान लेकराला लागली.

लोभ असावा असं आज लिहवत नाही.
तुझी ताई,
रत्नप्रभा


मुलुंड,
१५ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भाजल्यासारखं झालं. जन्मभर बालवाडी चालवलीस म्हणून तुझंच खरं असं नाही. पोरगी काय वाचते ते बघायचं सोडून तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात. मगर मुळ्याची भाजी खाते म्हणे! त्यात शिकण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तुला कधी सांगितलं नाही, आज रागाच्या भरात सांगतो. चौथीपर्यंत मला वाचता येत नव्हतं. तू शेजारी बसून माझे धडे मोठ्याने वाचायचीस, ते मला पाठ व्हायचे आणि पुस्तक समोर धरून मी धडाधड म्हणायचो. घरात सगळे म्हणायचे, दशरथ काय झकास वाचतो. एकदा मास्तरांनी भलतंच पान उघडून दिलं आणि मी आदलाच धडा म्हटला. आधी वर्ग हसला, मग छडी बसली. ऋताचं बोट एका शब्दावर आणि तोंडात दुसराच, हे पाहिलं आणि मी घाबरलो गं. तिचीही अशीच वाट लागू नये एवढंच मनात होतं.

तरी चूक माझी आणि गाणी तुझी निर्दोष, हे मी मान्य करणार नाही.

तुझा राग निवळेपर्यंत लोभ राखून ठेव.
दशरथ


कांदिवली,
२० जानेवारी २०२५

चि. दशरथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग दुप्पट संतापले. अरे मेल्या, मास्तरांनी तुझं जे केलं तेच तू तिचं केलंस. वड्याचं तेल वांग्यावर काढलंस. छडी तेवढी नव्हती.

आता नीट वाच. गाणं आधी तोंडातच बसतं, ते तसंच बसायला हवं. वेडगळ असलं की मूल कंटाळत नाही, पुन्हा पुन्हा म्हणतं. बोट मागून अक्षरांवर फिरतं आणि एक दिवस ते अडतं, की अरे, मी म्हणते ते इथे दिसत नाही. तिथून वाचन सुरू होतं. शब्द मीही बदलते, पण मूल कुशीत असताना, आणि आधी मी स्वतः चुकून दाखवते. तुझ्याबाबतीत हे कुणी केलं नाही. मी शेजारी असून मला कळलं नाही, त्याचंही मला वाईट वाटतं. पण त्याचा हिशेब सहा वर्षांच्या पोरीकडून घ्यायचा नव्हता.

दोन फेब्रुवारीला रविवारी ये. माफी मागू नकोस, तिला माफी घेऊन काय करायचं? जमिनीवर बस आणि तक्ता धरून गा.

तुझी रागावलेली ताई,
रत्नप्रभा


कांदिवली,
३ फेब्रुवारी २०२५

चि. दशरथ यास,
अनेक आशीर्वाद. गुडघे दुखत असतील तर शेक घे.

काल तू तासभर एकटा मगरीचं गाणं ओरडत बसलास आणि ऋता पडद्याआडून बाहेर आली नाही, तेव्हा जान्हवीने माझ्याकडे असं पाहिलं की मला तुम्हा सगळ्यांचाच संताप आला. म्हणून तुझ्या हातात नवा तक्ता कोंबला. सकाळीच लिहिला होता, त्यावरचं गाणं ऋताने ऐकलंच नव्हतं. तू सुरू केलंस, पाल पडली परातीत, पाल पडली परातीत. पोर पडद्याआडून तक्ता बघत होती ती ताडताड बाहेर आली आणि तुझ्यावर खेकसली, "मुलुंडआजोबा, पातेल्यात लिहिलंय. नीट वाच ना."

मुद्दाम चुकलास की चष्मा विसरला होतास, ते मला सांगू नकोस. शब्द तिने न ऐकता वाचला. जान्हवी मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

तू लगेच जायला निघालास. पण मला जे दिसलं ते तुला दिसलं का, म्हणून लिहितेय. तुझं बोट धरून तिने ते त्या शब्दावर ठेवलं आणि तू बरोबर म्हणेपर्यंत थांबली. आम्ही सगळे बघत होतो, दशरथ. ती हसली नाही.

माया तुझ्यावर होती तेवढीच आहे.
तुझी ताई,
रत्नप्रभा