आधी जीभ दाखव

आई,

छिउयुनचा तुला वाकून नमस्कार. शनयांगच्या थंडीतही मी ठणठणीत आहे. खोकला आहे, पण किरकोळ. पंधराच दिवसांचा.

काल मात्र घरमालकीण थान काकूंनी माझं डोकंच फिरवलं! तू शिकवलंस तशी नासपती पोखरून, आत खडीसाखर भरून मी वाफवायला ठेवली होती. या बाई न विचारता आत आल्या, झाकण उचललं आणि ओरडल्या, "मरायचंय का? जीभ दाखव!"

मी तीस वर्षांची मास्तरीण. या कोण माझी जीभ बघणार? मी सुनावलं, "माझी आई दर हिवाळ्यात हेच देते."

"तुझी आई आधी जीभ बघत असेल! पांढरीफटक आहे तुझी, म्हणजे थंडीचा खोकला. त्यावर थंड गुणाची नासपती? शहाणीच आहेस!"

मग आलं, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि लाल साखर उकळून मला बळंच पाजलं. तोंड पोळलं माझं. वर माझी नासपती स्वतः बसून खाल्ली, देठासकट!

जास्त संताप कशाचा येतो सांगू? आज खोकला निम्म्यावर आलाय. आणि तू खरंच आधी मला खिडकीपाशी नेऊन जीभ बघायचीस. मला फक्त नासपतीची गोडी लक्षात राहिली.

तू लिहिलंयस, तूही महिनाभर खोकतेस आणि रोज नासपती खातेस. बाबा गेल्यापासून घरात तू एकटी.

आई, तुझी जीभ कोण बघतं गं?

तुझी,
छिउयुन