गरम पाण्याचा डाग

४ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. ही चार अक्षरं बाबांना विचारून लिहिली. नमस्कार खरा आहे, विनंती खाली येईल, आणि विशेष काय ते तुला माहीत आहेच, तुझ्या रेडिओकडच्या बातम्या कधी संपत नाहीत.

तू फोन का उचलत नाहीस ते मला कळतं. ज्या फोनवर दादाची बातमी आली तो परत कानाला कोण लावेल? बाबा म्हणतात, आता दोन वर्षं झाली. मी म्हटलं, झाली तर होऊ देत, मी पत्र लिहीन. इंग्लिश मीडियममुळे मराठी लिहिताना घाम फुटतो, अक्षर बघून हसू नकोस.

मोठ्या काकांनी मला कामाला जुंपलंय. बारा जुलैला सगळं खानदान त्यांच्याकडे जमणार आहे, तेव्हा घरटी एक असा छापील वंशवृक्ष वाटायचा. साठ प्रती. काकांनी आयुष्य जमिनी मोजण्यात घालवलं, त्यामुळे प्रत्येक फांदीची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून आली. माणसं त्र्याऐंशी. मी दोनदा मोजली. तुझी फांदी तुझ्यावरच थांबते.

मला वाटलं तुझ्याखाली दादा राहून गेला असेल, म्हणून विचारलं. राहून नाही गेला. ज्याने स्वतःचा जीव स्वतः घेतला त्याला गती नसते, तो अधांतरी लटकतो, आणि अशाचं नाव लिहिलं की तो आणखीच इथे अडकतो, असं काका म्हणाले. मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही.

आता विनंती. सोबत पेन ड्राइव्ह आहे. दादा आणि मी सुट्टीत जी सिरीज बघायचो ना, ती. कार्टून म्हणू नकोस, तो चिडायचा. बारा भाग आहेत आणि एकातही मारामारी नाही. डोंगरावर एक धुणंघर असतं. माणसं तिथे ओलीचिंब येतात, आपण कुठून आलो ते कुणालाच आठवत नाही. अंगावरचे कपडे धुवायचे, दोरीवर टाकायचे, सुकले की घालून मोठ्या दारातून बाहेर पडायचं. दार उघडलं की घंटा वाजते. मेलं कोण, देव कुठे, अवाक्षर नाही. पण सगळं आहे गं! वैतरणी आहे, शाळेत नन्स शिकवायच्या ते मधलं जग आहे, पाप-पुण्य आहे.

यावर मी सहा पानी निबंध लिहिला आणि आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबने तो वाचायला निवडला. तुझ्यासाठी मराठीत उतरवलाय. तिसऱ्या पानावर माझी थिअरी आहे, ती नीट वाच. काही जण धुणंघरात मागच्या दाराने येतात. त्यांच्या कपड्यांवर रक्ताचा डाग असतो आणि तो कितीही धुतला तरी जात नाही. का, ते मी शोधून काढलंय. क्लबचे सर म्हणाले, फार मॅच्युअर आहे.

कसा वाटला ते खरं खरं कळव. खोटं कौतुक नको, खरं भरपूर चालेल.

लोभ आहेच, तो पत्रावरच्या तिकिटासारखा चिकटून राहो.

तुझी,
रेडिओ


१५ जून

चि. रेडिओ हिस,

अ. उ. आ. आज आशीर्वाद लिहिताना हात जरा जड झालाय, पण ते तुझ्या हक्काचे, म्हणून आधी देऊन टाकते.

बाराही भाग पाहिले. त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच टेबलाशी बसून. खुर्चीची उंची अजून त्याचीच आहे, माझे पाय टेकत नाहीत. ती भाषा मला येत नाही आणि खालचं इंग्रजी उंदरासारखं पळतं, म्हणून वाचायचं सोडलं आणि नुसती चित्रं बघितली.

तुझा निबंधही वाचला. तिसरं पान उभ्याने वाचायला घेतलं आणि मग बसले. तू लिहिलंयस की मागच्या दाराने येणारे म्हणजे जीव दिलेले, आणि त्यांचा डाग जात नाही कारण ते पाप आहे, आणि पाप धुतलं जात नाही. बाळ, हेच तुझ्या काकाने दोन वाक्यांत सांगितलं. तुला सहा पानं लागली. तू त्याच्यावर चिडतेस कशाला? एका माळेचे मणी.

मुद्दाम नाही केलंस, कळतं मला. लिहिण्याच्या भरात वाचणारी कोण आहे ते विसरलीस. पण लागलं ते लागलं.

आता धुण्याचं बोलू. त्यात मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली, ऑपरेशनच्या चादरी माझ्या हाताखालून जातात. नवी बाई कामावर आली की पहिल्या दिवशी तिला एकच गोष्ट सांगते. रक्त गार पाण्यात. गरम पाणी घातलंस की डाग शिजतो, धाग्यात बसतो, मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही.

चौथा भाग परत लाव. बाकीचे सगळे नळाखाली धुतात. मागच्या दाराने आलेला तो मुलगा टबात धुतो, आणि टबातून वाफ येते. सहाव्या भागात त्या म्हातारबाबाच्या टबातून वाफ. नवव्यात त्या मुलीच्या. ती काळ्या एप्रनवाली मालकीण किटली घेऊन येते ती फक्त या तिघांकडे. इतक्या मायेने ओतते की मलाही आधी वाटलं, किती काळजी घेते. मग तिचा हात बघितला, धार नेमकी डागावर. चित्र काढणाऱ्याला धुणं कळतं.

तू खाली वाचत होतीस, मी वर बघत होते. डाग त्यांचा असेल, पण पक्का दुसऱ्याने केलाय.

बारा जुलैला मी येणार नाही. काकाशी भांडू नकोस. माझ्या फांदीला काही आलंच नाही असं छापून वाटणार असतील, तर मी तिथे कोण म्हणून जेवायला बसू?

लोभ आहे. वाढायचं की नाही ते तुझं पुढचं पत्र ठरवेल.

तुझी,
आत्या


२२ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. आजचा नमस्कार खरोखर वाकून आहे.

तुझं पत्र वाचलं आणि कान गरम झाले. सॉरी लिहिलं तर फार छोटं दिसतं, म्हणून लिहीत नाही, पण ते आहे. मला वाटत होतं मी काहीतरी खोल शोधलंय. मी काकांचंच वाक्य चांगल्या कपड्यात फिरवत होते.

सबटायटल बंद करून बाराही भाग परत पाहिले. वाफ आहे. तिन्ही ठिकाणी आहे. आणि तू सांगितलं नाहीस ते पण दिसलं. मालकीणबाईच्या खोलीत खुंटीवर एक लहान फ्रॉक लटकतो, तो ती कधीच धुवत नाही. तिला कुणीतरी सोडून गेलंय. म्हणून जे आपल्या पायाने निघून आले त्यांना ती सोडत नाही. डाग जाईपर्यंत दार उघडत नाही हा नियम आहे ना, तो देवाचा नाहीच. सबंध सिरीजमध्ये तो नियम फक्त तिच्या तोंडी आहे.

आणि शेवट. ती मुलगी दोरीवरून डाग पडलेला शर्ट ओढते, ओलाच अंगात घालते आणि दाराकडे चालायला लागते. मालकीण मागून ओरडते की उघडणार नाही. मी निबंधात लिहिलं होतं की ती अंधारात जाते, ट्रॅजिक एंड. आत्या, दार उघडतं. नुसतं ढकलल्यावर उघडतं, कडीच नव्हती त्याला. आणि घंटा वाजते ती इतरांसाठी वाजते तशीच.

एक सांगते, रडू नकोस. हा भाग बघताना दादा मला म्हणाला होता, दार बघ. मी म्हटलं, थांब, वाचू दे.

निबंध मी मागे घेतला. क्लबच्या सेक्रेटरीने कटकट केली की कार्यक्रमपत्रिका छापून झालीय. मी म्हटलं, बरं, मग त्याच नावाखाली त्याच्या बरोबर उलटा वाचते. कार्यक्रम नेमका बारा जुलैलाच आहे, त्यामुळे मीही काकांकडे नसणार.

वंशवृक्ष काल प्रेसला गेला. माणसं चौऱ्याऐंशी. तुझी फांदी अठरा मिलिमीटरने वाढली. काकांची मापं मोडली नाहीत, त्यांच्याच हिशोबाने एका मुलाला अठराच मिळतात.

लोभ वाढव. भीक नाही मागत, हट्ट करतेय.

तुझी,
रेडिओ


१ जुलै

चि. रेडिओ हिस आशीर्वाद.

प्रती मिळाल्या. छपाई स्वच्छ आहे, रेषा सरळ आहेत. तू जे केलंस ते पहिल्याच प्रतीत दिसलं. या डोळ्यांनी चाळीस वर्षं बांध सरकवणारे पकडले, अठरा मिलिमीटर कसे सुटतील?

तुला वाटतं मी दगड आहे. त्याला पेन्सिल धरायला मी शिकवलं. नकाशात नदी निळीच का रंगवायची, यावर सात वर्षांचा असताना त्याने माझ्याशी तासभर वाद घातला होता. त्याने असं का केलं हे मला कुणी सांगितलेलं नाही, तुलाही नाही. जे माझ्या वडिलांनी सांगितलं ते मी धरून बसलोय, कारण दुसरं धरायला काही नाही. ते सोडून कार्टूनमधून धर्म शिकण्याचं माझं वय नाही.

परत छापायला वेळ नाही. मी पांढऱ्या पट्ट्या कापल्यात, अठरा मिलिमीटरच्या, आणि साठही प्रतींवर डिंकाने चिकटवणार आहे. राग मानू नकोस. परीक्षेचा अभ्यास कर.

लोभ होता, आहे, पण शिस्तीत असावा.

मोठे काका


५ जुलै

ती. मोठ्या काकांस,

सा. न. वि. वि. राग मानलाय. लपवत नाही, कारण लपवायचं काम या घरात आधीच फार झालंय.

तुम्ही बांध सरकवणारे पकडलेत. मग हे सांगा, सात-बारावरून माणसाचं नाव काढलं म्हणून तो त्या जमिनीवर जगलाच नाही असं होतं का? दादा आत्याच्या पोटी आला, सव्वीस वर्षं राहिला. वंशवृक्ष त्याचीच नोंद आहे. माणूस पुढे कुठे गेला याची नोंद त्यात कुणाचीच नाही, पणजोबांचीसुद्धा नाही.

त्याला गती मिळाली की नाही हे मला माहीत नाही. मागच्या महिन्यात मला माहीत होतं, सहा पानं माहीत होतं, आणि आत्याने एका वाफेत ते उडवलं. तुम्हालाही माहीत नाही, काका. वडिलांनी सांगितलं ते धरून बसलोय, असं तुम्हीच लिहिलंत. मग माहीत नसताना शिक्षा कशाला? तो अधांतरी लटकला असेलच, तर त्याला तिथे लटकवलंय तुमच्या पट्टीने.

पट्ट्या लावा. खाली मी पक्क्या शाईत छापलंय.

नदीची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ती अजून ऐकायची आहे, म्हणून लोभ राहू द्या. शिस्तीत नसला तरी चालेल.

तुमची,
रेडिओ


१४ जुलै

चि. रेडिओ हिस,

अ. उ. आ. या वेळी हात हलका आहे, पत्रभर घे.

मी गेले होते. तू काकाला लिहिलेल्या पत्राची नक्कल तुझ्या बाबांनी मला पाठवली, ती वाचल्यावर घरी बसणं जमेना. बरोबर माझी किटली नेली, लाँड्रीतली, विजेची. तुझ्या बाबांनी विचारलं की चहा तिथे मिळणार नाही का. मी म्हटलं, मिळेल.

हॉलमध्ये दाराशी टेबल होतं, त्यावर गठ्ठा. प्रत्येक प्रतीवर पट्टी, एकही वाकडी नाही, तुझा काका म्हणजे काकाच. मी खुर्ची ओढली, किटली लावली आणि पहिली प्रत वाफेवर धरली. आधी कोपरा, शाई पसरते का ते बघायला. छपाई पक्की, डिंक कच्चा. पट्टी साय निघावी तशी निघाली.

तुझी मोठी काकू येऊन कानाशी म्हणाली की लोक बघतायत. मी म्हटलं, बघायलाच काढतेय. कुणीतरी सुचवलं की जेवणं होऊ दे, मग शांतपणे काय ते बघू. मी सांगितलं की दोन वर्षं शांतच होते, त्याने डाग बसला, निघाला नाही. थोड्या वेळाने तुझी काकूच शेजारी बसली आणि निघालेल्या प्रती पदराने टिपून मला एकेक नवी देत गेली. अजून दोघी आल्या. रक्ताला गरम पाणी चालत नाही म्हणून मी तुला एवढी बोलले, पण डिंकाला गरमच लागतं, बाई. पाणी वाईट नसतं, कुठे ओततो ते बघावं लागतं.

एकोणसाठ प्रती झाल्या. ज्या त्या घरी गेल्या, त्याच्या नावासकट. जाताना एका चुलत भावाने ते नाव मोठ्याने वाचलं. दोन वर्षांत दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

साठावी प्रत काकाची. त्याने ती मांडीवर धरली होती आणि सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होता. मी मागितली नाही. निघताना किटली त्याच्यासमोर ठेवली, पाण्याने भरून, बटण चालू करून. तो म्हणाला की किटली विसरतेस. मी म्हटलं, नाही.

तुझा नवा निबंध पाठव. मराठीत, आणि ज्यात दार उघडतं तो.

लोभ वाढलाय, आता तो सांभाळायचं काम तुझं.

तुझी,
आत्या