दोनदा भरलेलं भाडं

उमेळे,
१२ ऑगस्ट २००९

चि. सुमेध,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट विचारतो. तीन महिन्यांचं भाडं तू मला दुसऱ्यांदा का दिलंस?

काल नंदाखाल गावच्या प्रेमलतावहिनी आल्या होत्या. तू ज्या वेबसाइटवर भाडं भरलं म्हणत होतास, त्यांच्याही भाडेकरूने त्याच वेबसाइटवर भाडं भरलं आणि त्यांच्याही खात्यात काही आलं नाही. कंपनीच्या ऑफिसला म्हणे कुलूप आहे. म्हणजे तू खरं बोलत होतास. मी मात्र तुला जिन्यात, सगळ्यांसमोर, खोटारडा म्हणालो.

बरं, ती वेबसाइट हा माझाच हट्ट. तू म्हणाला होतास, "काका, हातात देतो की. तेवढाच आपला चहा होतो." मलाच दर महिन्याला चहा पाजायचा कंटाळा!

तुझ्याकडे पावत्या होत्या. त्या माझ्या तोंडावर फेकायच्या होत्यास. त्याऐवजी पैसे दिलेस, किल्ली ठेवलीस आणि गेलास. काय चाललं होतं तुझ्या डोक्यात? राग होता, की माझी कीव आली?

पैसे परत करायचे आहेत. तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्त्यासाठी त्या वेबसाइटच्या फॉर्मची प्रत शोधून काढली. 'कायमचा पत्ता' या रकान्यात तू माझीच खोली लिहिली आहेस: राऊत वाडी, पहिला मजला.

असं का लिहिलंस रे? पाकिटावर हाच पत्ता घातला, तर पोस्टमन पत्र माझ्याच हातात आणून देईल.

विचारात पडलेला,
नरहरीकाका