टोमॅटोला पांघरूण

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे वाकलेलोच आहे, वेगळे कष्ट पडले नाहीत).

तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? खाणावळीत गर्दी असेलच. ‘बाहेर भाव काहीही असो, भावाच्या शेतातल्या टोमॅटोचं सूप जुन्याच दरात’ असं तू दारावरच्या फळ्यावर रंगवून घेतल्याचं कळलं. ऐकून ऊर भरून आला. रंग पक्का आहे का? खडूने लिहिलं असतंस तरी चाललं असतं, असं आपलं मला वाटलं.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हवा मात्र मजेत नाही. यंदा पाऊस जायचं नावच घेत नाही. निघाला म्हणावं तर दारातून परत फिरतो, अगदी आपल्या मोठ्या मामांसारखा (ते चपला घालून तासभर बोलायचे, हा आठवडाभर बोलतो). रस्त्याचा पार चिखल झालाय, दूधवाला दोन दिवसाआड उगवतो, आणि बाजारात कांद्याला हात लावला तर चटका बसतो. भाजीवाली हल्ली पालेभाजी नुसती दाखवते, हातात द्यायला तयार नसते. टोमॅटोचा भाव मी लिहीत नाही. या हंगामात तुला मीच पुरवणार होतो, त्यामुळे तुला त्याची झळ लागलेली नाही (हे वाक्य सावकाश वाच, त्यात ‘होतो’ आहे).

झालं असं की गेल्या आठवड्यात रेडिओवर गारा पडणार म्हणून सांगितलं. टोमॅटो अगदी तोडणीला आलेले. गार बसली की फळाला खड्डा पडतो आणि मग त्याला बाजारात कुत्रं विचारत नाही. शेजारी ओट्यावर चहा पीत बसला होता. त्याला म्हटलं, झाकून घे बाबा. तो म्हणाला, “बघू.” मी त्याला चारचौघांत आळशी म्हणालो (निदान चारचौघांत नको होतं). मग घरात शिरून चादरी, पडदे, रजया, आईच्या हातच्या गोधड्या, जे हाताला लागेल ते उचललं आणि टोमॅटोंवर रांगेने पसरलं. खोटं कशाला सांगू, मला गहिवरून आलं. अख्खं शेत गाढ झोपल्यासारखं दिसत होतं. बायको म्हणाली, “आता अंगाई पण म्हणा.” तिला शेतीतलं काही कळत नाही.

ताई, गारा नदीपलीकडे पडल्या. आमच्याकडे आला तो नुसता पाऊस, आणि आला तो मुक्कामालाच. भिजलेली गोधडी किती जड होते हे तुला धुणं धुताना कळलं असेल, मला शेतात कळलं. एकेका गोधडीने रांगच्या रांग जमिनीला टेकवली. खाली चिखल, मध्ये टोमॅटो, वर पांघरूण. गारांनी केलं नसतं एवढं नुकसान आपल्या आईच्या मायेने केलं. शेजाऱ्याची उघडी झाडं मात्र ताठ उभी. त्याचा माल सोन्याच्या भावाने गेला आणि तो अजून ओट्यावर चहाच पितोय. मी दिसलो की विचारतो, टोमॅटोंना झोप लागली का. त्या दिवसापासून मी शेताकडे फिरकलेलो नाही. घरात पांघरूण उरलं नाही म्हणून सर्दी झाली आहे, आणि सतरंजी गुंडाळून हे पत्र लिहितोय.

सगळ्यात वाईट वाटतं ते तुझ्या फळ्याचं. माझ्या भरवशावर तू गिऱ्हाइकांना शब्द दिलास आणि मी तो चिखलात घातला. याची मला खरोखर लाज वाटते. भाऊजींना मात्र जेवण झाल्यावर सांग.

तुझा उघडा पडलेला,
धाकटा

ता. क. – उद्याच्या बसने गाठोडी येतील. टोमॅटो आले म्हणून हाकाटी करू नकोस, त्या गोधड्या आहेत. इथे ऊन नाही, काही केल्या वाळत नाहीत. तुझ्या चुलींच्या वर दोऱ्या बांधून तेवढ्या वाळव. (पत्र लिहायला मुख्यतः हेच कारण.) चिखलाचा वास येईल, पण सूपच नसल्यावर गिऱ्हाईक तरी किती येणार?

ता. क. दुसरा – फळा पुसायला रंगारी येईल तेव्हा ‘भावाच्या शेतातल्या’ हे शब्द आधी पुसून घे.

वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली माझ्या दोन ओळी. गाठोडी मीच बांधली आहेत. सगळ्यात जड असेल ते आधी उघडा आणि हळू उघडा, आत टोमॅटो आहेत. विहिरीकडच्या वाफ्यांवर घालायला यांनी माझी लोकरीची रजई मागितली होती, ती मी दिली नाही. ते वाफे जसेच्या तसे उभे आहेत. तुमच्या सुपापुरते हंगामभर निघतील, तेव्हा फळा अजिबात पुसू नका. यांना मात्र इतक्यात कळवू नका. हे शेताकडे येत नाहीत तोवर तोडणी फार सुरळीत चालली आहे.