सोनूबाईंची काठवट आणि हलणारी वाळू

मस्तगड, जालना
फसली १३४५

राजमान्य राजश्री रखमाजीराव यांस मस्तगडाहून तुमचे मेहुणे बद्रीनाथ यांचा साष्टांग नमस्कार (बरगड्या दुखतात, म्हणून तो बसल्या जागीच घातला आहे). धावड्याला सगळे खुशाल ना? म्हशीचा पाय बरा झाला का? आम्ही दोघे कोकणातून जिवंत परतलो. 'जिवंत' हा शब्द तुमच्या भगिनी सोनूबाईंनी आग्रहाने घालायला लावला आहे.

हकिमाने माझ्या दम्यावर समुद्राची हवा सांगितली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिकडे नुसता भात मिळतो, म्हणून सोनूबाईंनी ज्वारीचे पीठ आणि तुम्ही लग्नात दिलेली भाकरी थापायची कडुलिंबाची काठवट बरोबर घेतली (आगगाडीत आणि बोटीत ती माझ्या मांडीवर होती). तिथे तरणे कोळी सकाळी फळीवर पालथे पडून लाटेबरोबर थेट वाळूपर्यंत येत. मला राहवेना. फळी कोणी देईना, म्हणून काठवट पोटाखाली धरून पाण्यात शिरलो, आणि रखमाजीराव, काय सांगू, लाटेने मला अल्लाद उचलून काठावर आणून ठेवले. पन्नाशीचा माणूस मी, पण एकटाच मोठमोठ्याने हसत सुटलो.

पण मोजणी खात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाला चैन कुठली? लाट नेमकी कुठे फुटते ते हेरून मी काठावर त्याच्या समोर दोन खुंट ठोकले, पावलांनी अंतर मोजले, नकाशाही काढला. एका म्हाताऱ्या कोळ्याने समजावले की पाण्याखालची वाळू रोज जागा बदलते, वाळू जाईल तिकडे लाट जाते, आणि त्याच्या लहानपणीचा किनाराही आता जागेवर उरलेला नाही. मी मनात म्हटले, शिवेचा खुंट एकदा ठोकला की तो तहसीलदारालाही हलवता येत नाही. दुसऱ्या दिवशी खुंट बराबर जागेवर होते, पाण्याखालची वाळू तेवढी गेली होती. मी खुंटांच्या रेषेत गेलो. लाट आत फुटलीच नाही. ती अगदी काठाशी येऊन उभी राहिली आणि तिने मला डोक्यावर आपटले.

नाकातोंडात पाणी गेले, वर कुठे नि खाली कुठे कळेना. खरे सांगतो, फार भ्यालो. डोळे उघडले तर सोनूबाई कमरेइतक्या पाण्यात माझे मानगूट धरून उभ्या. जावेलाही हात लावू न दिलेली ती काठवट त्यांच्यापासून हातभर अंतरावरून आत चालली होती. मी तिकडे बोट केले, तर म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. आधी तुम्ही उठा, जल्दी." मला तर रडूच आले. आता घरी आहोत, चहूकडे कोरडी जमीन आहे, जिवात जीव आला आहे. सोनूबाईंनी समुद्राला कायमचा रामराम केला आहे. सगळ्यांना यथायोग्य सांगावे.

ता. क. : काठवटीविषयी त्या चकार शब्द काढत नाहीत, पण परातीत पीठ मळताना काठवटीच्या रिकाम्या जागेकडे बघतात. ते मला बघवत नाही. तेव्हा तुमच्या बांधावरच्या त्याच कडुलिंबाची नवी काठवट सुताराकडून करून पाठवावी. त्यांना मात्र कळू देऊ नये.

आणखी ता. क. : कळले. त्या पाठीमागेच उभ्या होत्या. सगळे पत्र वाचून दाखवावे लागले. म्हणतात, दोन पाठवा. दुसरी कशाला, असे विचारले तर म्हणाल्या, "एक भाकरीची. दुसरी पुढल्या साली संगं नेऊ. मलाबी एकदा लाटंवरून येऊन बघायचंय."