उताऱ्यात दिलेलं नाही

वाशिंद,
रविवार, २ मार्च २०२५

ती. दादास,

अक्षदाचा नमस्कार. वहिनीला नमस्कार आणि हर्षालीला सांग, तिने मागितलेली रंगपेटी आत्याने घेऊन ठेवली आहे.

फोनवर तू 'हां' आणि 'बरं' यापलीकडे जात नाहीस, म्हणून आपली जुनीच पद्धत बरी. मी लिहायचं, तू पत्र खिशात घालून शेतावर न्यायचं. नर्सिंगच्या हॉस्टेलवरून मी इतकी पत्रं पाठवली, तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. तरी सुट्टीत घरी आले की सगळी पत्रं सुतळीने बांधून कणगीवर ठेवलेली दिसायची. वहिनी म्हणायची, उंदरांनासुद्धा त्यांच्याजवळ जायला मनाई आहे.

माझं बरं चाललं आहे. कल्याणच्या हॉस्पिटलात मला आता लहान मुलांच्या वॉर्डात टाकलं आहे. माझ्या खोलीत राहणारी गिरजा चहात साखर घालायला विसरते आणि मग तो आरोग्यासाठी चांगला असतो म्हणून सांगते. बाकी ठीक.

इंग्रजीच्या परीक्षेचं विचारशील. ती पुढे ढकलली. तिकडूनच काही अडचण आली म्हणे. म्हणजे पास-नापास असा काही प्रश्नच नाही, परीक्षाच झाली नाही तर कसा असेल? नवी तारीख आली की कळवते. शनिवारी दुपारी शहापूरला नम्रता मॅडमच्या क्लासला जाते, ते चालूच आहे. क्लास खताच्या दुकानावर आहे, त्यामुळे इंग्रजी वाचताना नाकात युरियाचा वास जातो आणि घरची आठवण येते.

शिमग्याला यायचं मनात होतं, पण ड्युटी लागली.

भाताच्या राबासाठी डहाळ्यांची कवळं तोडून झाली का? भाजताना वारा पडल्याशिवाय काडी लावू नकोस. मागे एकदा भुवया जाळून घेतल्या होत्यास आणि महिनाभर तुझ्या चेहऱ्यावर सतत आश्चर्य दिसत होतं.

दिवाळीत मी जे बोलले त्यावर तू काही बोलला नाहीस. असो. तब्येतीला जप.

तुझी,
अक्षदा


वाशिंद,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. दादास,

नमस्कार. आधी बातमी, कारण पुढचं वाचताना तू चिडलास तरी ती हातात असावी. मी पास झाले. चारही भागांत. वाचनात नऊपैकी सात लागत होते, साडेसात आले. गुरुवारी दुपारी निकाल पाहिला आणि वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाला टेकून मी इतकी रडले की एका पेशंटच्या आईने मला पाणी आणून दिलं. तीन दिवस झाले, अजून मधेच हसू येतं. दहा महिने डोक्यावर धरलेली पाटी उतरवली की मान कशी आपोआप वर जाते, तसं झालं आहे.

आता दुसरं. मार्चमध्ये मी तुला खोटं लिहिलं. परीक्षा पुढे ढकलली नव्हती. फेब्रुवारीत झाली आणि मी नापास झाले. त्याच्या आधी पावसाळ्यातही एकदा दिली होती, तीही गेली. ती तर तुला सांगितलीच नव्हती. दोन्ही वेळा ऐकणं, बोलणं, लिहिणं सगळं निघालं आणि वाचनात अडकले. लहानपणापासून तू मला पुस्तकी किडा म्हणायचास, आणि मी नापास झाले ती वाचनातच!

फेब्रुवारीत काय झालं ते ऐकशील तर कपाळाला हात लावशील. वाचनाच्या परीक्षेत तीन लांबलचक इंग्रजी उतारे असतात आणि तासाभरात चाळीस प्रश्न. पहिले दोन उतारे कसेबसे झाले. तिसऱ्या उताऱ्याचं पान उलटलं आणि बघते तर काय, डोंगराळ भागातली भाताची शेती! रोपं करायच्या जागी पाला, शेण, माती पसरून ती जमीन भाजतात, असं कुठल्या तरी परक्या देशाचं वर्णन. अगदी आपला राब. दादा, मला तिथे आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. हा तर घरचाच पेपर, असं म्हणून मी उतारा वरवर चाळला आणि सरळ प्रश्नांना भिडले.

तिथे प्रश्न असे असतात: खाली एक वाक्य दिलेलं असतं आणि आपण सांगायचं, उताऱ्याप्रमाणे ते खरं, की खोटं, की उताऱ्यात त्याबद्दल काही दिलेलंच नाही. 'रानगवताचं बी मरावं म्हणून शेतकरी जमीन भाजतात.' मी लिहिलं, खरं. खरंच ना? तूच तर मला ते शिकवलंस. 'रोपं तीन आठवड्यांत उपटतात.' खरं. 'राख हाताने पसरतात.' मी लिहिलं, खोटं, कोण पसरतं हाताने! पंधरा मिनिटं उरली होती, तर मी पेन खाली ठेवून त्या खोलीतल्या लोकांची कीव करत बसले. बिचारे शहरातले, त्यांना काय कळणार राब.

शनिवारी क्लासला जाऊन मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. नम्रता मॅडमनी शांतपणे विचारलं, "जमीन का भाजतात ते उताऱ्यात लिहिलं होतं?"

मी म्हटलं, "लिहायला कशाला पाहिजे? माझा दादा दरवर्षी भाजतो."

"दादा उताऱ्यात होता का?"

आठवून पाहिलं तर उताऱ्यात कारण कुठेच नव्हतं. रोपं पाच आठवड्यांनी उपटतात असं तिथे स्पष्ट छापलं होतं, ते मी वाचूनही पुढे गेले होते. अर्ध्या गुणाने गेले दादा, आणि तेही तुझ्या राबावर. मॅडम म्हणाल्या, "तुझं इंग्रजी कच्चं नाही. तुला माहीत असलेलं तू समोरच्या कागदावर लादतेस. जे लिहिलं नाही ते वाचतेस आणि लिहिलेलं सोडतेस." मग त्यांनी मला शिक्षाच लावली. प्रत्येक उत्तराखाली, उताऱ्यातल्या कुठल्या ओळीवरून हे लिहिलं, ती ओळ दाखवायची. ओळ सापडली नाही तर 'दिलेलं नाही' लिहायचं आणि हात आखडता घ्यायचा. दुपारी वॉर्डातली मुलं झोपली की मी हेच करत बसायचे. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते तुला ठाऊक आहे. मला तर वहिनीने भाजी वाढतानाच ती खारट झाली आहे हे कळतं.

आता तिसरं. हे लिहायला चार वेळा कागद बदलला.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत आपण ओट्यावर बसलो होतो तेव्हा मी तुला म्हटलं, मला ही परीक्षा देऊन इंग्लंडला जायचं आहे, तिकडे नर्सेस लागतात. तू माझ्याकडे पाहिलंस, "बरं, बैल बांधून येतो" म्हणालास आणि उठून गेलास. परत आलास ते जेवायलाच. त्यावर पुन्हा अक्षर नाही. मी त्याच क्षणी उत्तर लिहून टाकलं: दादाला हे मान्य नाही. आईबाबा गेल्यावर याने मला नऊ वर्षांची असल्यापासून वाढवलं आणि मी याला सोडून निघाले, म्हणून याचं मन उठलं माझ्यावरून.

दादा, शिमग्याला मला ड्युटी नव्हती. गणपतीतही नव्हती, या दिवाळीतही नव्हती. तुझ्यासमोर यायची हिंमत नव्हती. आधी भीती वाटायची, मग तिचा राग झाला. हा दोन शब्द बोलला असता तर याचं काय जात होतं, असं म्हणत मी तुझ्यावर वर्षभर रागावले. आणि अजून एक सांगते, फेब्रुवारीत नापास झाले तेव्हा रडता रडता मनात कुठेतरी बरंही वाटलं होतं. म्हटलं, सुटले, आता दादाला विचारायलाच नको. हे मी गिरजालाही सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या गावचा हनुमान भेंडीचा टेम्पो घेऊन इकडे आला तेव्हा दरवर्षीसारखं नव्या तांदळाचं पोतं टाकून गेला. पोत्याला पुठ्ठा बांधला होता, त्यावर माझं नाव आणि इथला पत्ता, सगळं इंग्रजीत. दरवर्षी तू मराठीत लिहितोस. मला वाटलं, दादाला आता माझं नाव लिहायचाही कंटाळा आला, हर्षालीकडून लिहून घेतलं. बघ, पुन्हा तेच. पुठ्ठा सोडून केराच्या डब्यात टाकला आणि तांदूळ भरून ठेवले.

निकाल लागल्यावर गुरुवारी वहिनीला फोन केला. तुला फोन करायची छाती झाली नाही. तिने मला आधी मनसोक्त शिव्या दिल्या. मी म्हटलं, "वहिनी, दादाला नको आहे ना मी गेलेली?" तर ती म्हणाली:

"अगो खुळे, तुला कोन बोल्लं? तू दिवाळीत सांगून गेलीस ना, त्याच हप्त्यात ते हर्षालीला बोल्ले, मला ती इंग्रजी अक्षरं शिकव. वर्स झालं, रोज सांच्याला जेवनाआधी तिच्या वहीत गिरवतात. मी बोल्ले, या वयात कशाला? तं बोल्ले, ती तिकडं गेली का पार्सल पाठवाया लागंल. पत्ता इंग्लिशमदी नाय लिवला तर परत येल, न आपला तांदूल तिला भेटनार नाय."

मी विचारलं, "मग तेव्हा उठून का गेला?"

"आता ते मला इचारतेस? बैल तं कवाच बांधलेले होते."

दादा, बैल बांधलेले होते. ओट्यावरून गोठा समोर दिसतो. मला तेव्हाही ते दिसले होते, दोघंही दावणीला बसून रवंथ करत होते. नम्रता मॅडमना सांगितलं तर म्हणतील, ही ओळ उताऱ्यात होती, तू वाचली नाहीस.

फोन ठेवला आणि केराचा डबा उपडा केला. पुठ्ठा सापडला, चहाचे डाग पडले आहेत. आता नीट पाहिलं. प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीची रेघ आखलेली आहे, वर निळा मार्कर फिरवला आहे आणि वाशिंदच्या शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही म्हणून ते खाली उतरवलं आहे. हर्षाली असं लिहीत नाही. ते माझ्या दादाचं अक्षर आहे आणि मी ते कचऱ्यात टाकलं होतं. मला माफ कर. तो पुठ्ठा आता माझ्या निकालाच्या कागदाबरोबर फाइलीत आहे.

शनिवारी, २७ तारखेला घरी येते, चांगली चार दिवस राहायला. कागदपत्रं व्हायला निदान सहा महिने लागतील, म्हणजे येत्या वर्षीचा राब तुझ्याबरोबर भाजूनच जाईन. भुवया सांभाळायला कुणीतरी हवं. आणि तिकडे गेल्यावर तिथला पत्ता सगळ्यात आधी तुलाच कळवेन. तोवर वाशिंदचाच लिहीत जा, हात बसेल.

या एका पत्राला मात्र मला उत्तर हवं. मजकुराची सक्ती नाही. पाकिटावर पत्ता तुझ्या हाताने लिही आणि आत कोरा कागद घातलास तरी चालेल. या वेळी मी तो नीट वाचेन.

तुझीच,
अक्षदा